संगणकाची वीज : पट्टीवरची आणि मीटरवरची

३१ मे १९९९ च्या ‘फोर्ब्स’ या अमेरिकन नियतकालिकात पीटर ह्यूबर आणि मार्क मिल्स यांचा एक लेख आला होता. ‘आणखी कोळसा खणा, संगणक येत आहेत’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. इंटरनेटसाठी अमेरिकेतील ८ टक्के वीज आताच खर्च होत आहे आणि येत्या दहा वर्षांत देशातील निम्मी वीज या संगणकी व्यवहाराला लागेल, असे त्यात म्हटले होते. लेख जोरकस होता, त्यात आकडे होते, गुणाकार होते. साहजिकच तो आकडा तोंडोतोंडी झाला.

लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील जोनाथन कूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस हा हिशेब उलगडून पाहिला. तो सुमारे आठपट फुगलेला निघाला. पुढे २००१ मध्ये याच प्रयोगशाळेने अमेरिकेतील कार्यालयीन आणि जाळ्याच्या उपकरणांची अधिक तपशीलवार मोजदाद केली, तेव्हा १९९९ सालचा त्यांचा वाटा एकूण विजेच्या सुमारे २ टक्के भरला. यात घरचे संगणकही धरलेले होते. मिल्स यांचा मूळ अहवाल ज्या संस्थेसाठी लिहिला गेला, ती कोळसा पुरवणाऱ्या संघटनेने उभी केलेली होती, असे टीकाकार सांगतात. ते खरे आहे. पण मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. हेतू शुद्ध असता तरी गणित चुकलेलेच राहिले असते.

चूक कुठे होती? अनेक ठिकाणी होती, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची एकच. एक संगणक आणि त्याची जोडउपकरणे मिळून सुमारे १००० वॅट घेतात, असे लेखकांनी धरले होते. त्या काळचा संगणक आणि काचेच्या नळीचा पडदा मिळून प्रत्यक्षात शे-दीडशे वॅट घेत असत. तासांचा आणि संख्येचा गुणाकार कितीही बिनचूक केला, तरी पहिलाच आकडा सैल असल्यावर उत्तर कसे बरोबर येणार?

पंचवीस वर्षांपूर्वीचा हा लेख आज उकरून काढण्याचे कारण असे की, ही चूक मीही केली आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी कचेऱ्या सुरू झाल्या. शिक्षकांच्या एका वर्गात मला कोणी तरी विचारले, ‘‘घरून काम करताना संगणकाला महिन्याला किती वीज लागते?’’ माझ्या संगणकाच्या पॉवर सप्लायवरील पट्टीवर ४५० वॅट लिहिलेले होते. रोज ८ तास, महिन्याचे २५ दिवस. मी फळ्यावर गुणाकार मांडला आणि ९० युनिट असे उत्तर दिले. कोणीही शंका काढली नाही.

पाठ्यपुस्तकातील गणिते आपल्याला हीच सवय लावतात. ६० वॅटचा दिवा ५ तास जळला, तर किती युनिट? तारेच्या दिव्याच्या बाबतीत हे बरोबर आहे. ठरावीक दाबाला तो तेवढीच शक्ती घेतो, त्याला दुसरा पर्याय नाही. संगणकाच्या पट्टीवरचा आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे. हा पुरवठा आतील भागांना जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकेल, एवढेच तो सांगतो. पाचशे लिटरची टाकी घरात बसवली म्हणजे आपण रोज पाचशे लिटर पाणी वापरतो, असे होत नाही. पत्र लिहिताना किंवा हिशेब करताना संगणकाचा बराचसा वेळ तुमच्या पुढच्या बोटाची वाट पाहण्यात जातो.

लॅपटॉपच्या बाबतीत तर फसगत दुहेरी होते. त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट, १.५ अँपिअर’ असे छापलेले असते. विद्यार्थी लगेच २४० ला १.५ ने गुणतो आणि ३६० वॅट काढतो. पण हा कमाल प्रवाह आहे, आणि तो १०० व्होल्टच्या टोकाचा आहे. २४० व्होल्टला तेवढा प्रवाह लागतच नाही. त्याच पट्टीवर खाली १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असे लिहिलेले असते, म्हणजे सुमारे ६५ वॅट. हीसुद्धा पुन्हा मर्यादाच. बॅटरी भरलेली असताना साध्या कामाला लॅपटॉप वीसेक वॅट घेतो.

माझा ९० युनिटांचा आकडा अमरावतीकडील एक शिक्षक वहीत उतरवून घेऊन गेले. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी सासरी एकत्र कुटुंबात राहून घरूनच हिशेबनिसाचे काम करते. उन्हाळ्यात बिल फुगले, तेव्हा घरात वाद झाला. सरांना विचारण्यात आले आणि सरांनी भरवशाने माझा आकडा सांगितला. त्यानुसार तिच्या पगारातून दरमहा जवळजवळ हजार रुपये विजेपोटी वळते होऊ लागले. चार महिन्यांनंतर सरांनाच राहवले नाही. एका सकाळी ते तिच्या घरी गेले आणि मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहिले.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, ते शेजारी छापलेले असते. त्या मीटरवर ३२०० हा आकडा होता. घरातील बाकी सर्व बंद करून फक्त संगणक व पडदा चालू ठेवला. दहा मिनिटांत दिवा ४६ वेळा लुकलुकला. दहा मिनिटांत ४६, म्हणजे तासाला २७६. त्याला ३२०० ने भागले की ०.०८६ युनिट, अर्थात ८६ वॅट. महिन्याचे २०० तास धरून १७ युनिट. मी सांगितलेल्याच्या पाचव्या भागाहूनही कमी! उन्हाळ्यात वाढलेली वीज मुख्यतः कूलरची होती. २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला तर महिन्याला ७२ युनिट होतात, आणि त्याचा वारा सगळेच घेत होते. सरांनी मला सविस्तर पत्र लिहिले. त्यात रागाचा शब्द नव्हता, त्यामुळे ते अधिकच लागले.

आता रुपयांकडे वळू. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून सरासरी दर काढणे आणि त्याने संगणकाची युनिटे गुणणे, ही दुसरी ठोकळ पद्धत. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० युनिटांना जवळजवळ दुप्पट दर असतो. सोयीसाठी ते साडेपाच आणि अकरा रुपये धरू. ज्या घरात संगणकाशिवाय ६० युनिटे लागतात, तेथे वरची १७ युनिटे सुमारे ९४ रुपयांना पडतील. ज्या घरात आधीच १०० लागतात, तेथे तीच १७ युनिटे १८७ रुपयांना. संगणक तोच, काम तेच. शिवाय स्थिर आकार संगणक नसता तरी भरावाच लागला असता, सरासरी दर मात्र त्याचाही वाटा संगणकाच्या माथी मारतो. दर बदलत असतात, म्हणून आपल्या बिलावरचेच घ्यावेत.

घरच्या कचेरीचा हिशेब करताना नजर नेमकी चुकीच्या वस्तूवर जाते, हेही नोंदवण्यासारखे आहे. २० वॅटचा लॅपटॉप २०० तासांत ४ युनिट घेतो. त्याच खोलीतील ७५ वॅटचा जुना छतपंखा तेवढ्याच वेळात १५ युनिट घेतो. आणि कोपऱ्यातला १० वॅटचा राउटर रात्रंदिवस चालू असल्याने महिन्याला ७ युनिटांवर जातो. भांडण मात्र लॅपटॉपवरून होते.

ह्यूबर आणि मिल्स यांना एक श्रेय द्यायला हवे. संगणकाच्या मागे दूरवर न दिसणारी यंत्रणा वीज खाते, हे त्यांनी मोठ्याने सांगितले. २०२३ मध्ये अमेरिकेतील माहिती-केंद्रांनी देशाच्या सुमारे ४.४ टक्के वीज वापरली. हा आकडा लहान नाही आणि तो वाढतो आहे. पण दहा वर्षांत निम्मी, या भाकिताला तो चोवीस वर्षांनीही आधार देत नाही.

वर्गाला हा प्रयोग घरी करायला देणार असाल, तर दोन गोष्टी सांगाव्यात. मीटरला हात लावायचा नाही, मोजणी फक्त डोळ्यांनी करायची. आणि फ्रीज बंद करायचा राहिला असेल, तर तो मध्येच सुरू होतो व लुकलुक एकदम वाढते. अशा वेळी ती मोजणी सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.