कामयाब म्हणजे काय, मामा?

माझी भाची चौथीत आहे. शाळेत पंधरा ऑगस्टची तालीम सुरू झाली आणि घरात दिवसभर ‘हम होंगे कामयाब’ ऐकू यायला लागलं. एका संध्याकाळी तिने विचारलं, “मामा, कामयाब म्हणजे काय?”
“यशस्वी.”
“म्हणजे पास?”
मी घाईत हो म्हटलं. कॉल सुरू होता. रात्री ते ‘हो’ टोचायला लागलं.

कारण मूळ गाणं पास होण्याचं नाहीच. ‘वी शॅल ओव्हरकम’चं गिरिजाकुमार माथुरांनी केलेलं हे हिंदी रूप. ‘ओव्हरकम’ म्हटलं की समोर काहीतरी आडवं आलेलं असतं, त्याच्यावर मात करून पलीकडे जायचं असतं. ‘कामयाब’मध्ये ते आडवं आलेलं गायब होतं, उरतं नुसतं यश. आणि यश काय, कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवरही असतं. माथुरांना मी दोष देणार नाही. चालीत बसणारा, मुलांच्या तोंडी रुळणारा शब्द त्यांनी शोधला. आपण मात्र गाणं कॉपी केलं आणि त्याची कमिट हिस्टरी उडवून टाकली.

ती हिस्टरी चौथीतल्या मुलीला सहज सांगता येते. चर्चमधल्या जुन्या गाण्यात ‘मी’ होता. १९४५-४६ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला सिगार कारखान्यात संप झाला. संपात कृष्णवर्णीय बायका मोठ्या संख्येने होत्या. तिथे ‘मी’चा ‘आम्ही’ झाला. संपातल्या ल्युसिल सिमन्स हे गाणं खूप संथ गायच्या म्हणे. पुढे ते टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये पोचलं. १९५९ साली तिथे पोलिसांनी धाड टाकली, दिवे गेले, आणि अंधारात बसलेल्या पोरांनी गायला सुरुवात केली. जमिला जोन्स नावाच्या शाळकरी मुलीने आम्हाला भीती वाटत नाही, असं एक नवं कडवं तिथल्या तिथे जोडलं. ते कडवं आपल्या हिंदी गाण्यातही आहे. आपली मुलं ते हात हलवत, हसत म्हणतात.

भाचीला ही धाड फार आवडली. “ती खरंच घाबरली नव्हती?” मी म्हटलं, घाबरली असणार, म्हणून तर गायली. मग मे १९६३चं बर्मिंगहॅम सांगितलं. हजारावर मुलं शाळा सोडून रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले गेले. इथे बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, “एवढ्या लहान पोरीला कशाला?” मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ज्यांच्यावर फवारे मारले तीही पोरंच होती.

एक सांगतो, या गाण्याची भक्ती करायचीही गरज नाही. ‘कधीतरी’ जिंकू, हा त्यातला वायदा अनेकांना खटकला. माल्कम एक्सने १९६४ साली गात बसणाऱ्यांची उघड टिंगल केली होती. मुलांना हेही सांगावं. त्या ‘एक दिन’ची तारीख कोण ठरवतं, हा प्रश्न चौथीतल्या मुलीलाही पडू शकतो.

पण माझी अडचण वेगळी होती. अमेरिकेतला अन्याय सांगायला सोपा असतो, तिथे आपण कुणीच नसतो. बर्मिंगहॅमवर मी अर्धा तास बोललो. महाडवर आलो आणि अडखळलो. २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेब, ओंजळभर पाणी. भाचीने विचारलं, “पाणी तर सगळ्यांचं असतं ना? मग कोण अडवत होतं?” उत्तर द्यायला मला वेळ लागला.

मी ज्या वस्तीत वाढलो तिथे चौदा एप्रिलला वामनदादा कर्डकांची गाणी कर्ण्यावर वाजायची. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचा हा माणूस गावोगाव फिरून गायला. आमच्या घरी पुस्तकं कमी होती. इतिहास आम्हाला त्यांच्याकडून कळला. सहावीत असताना गाण्याच्या तासाला ‘अजून एखादं म्हण’ म्हणाले, म्हणून मी वामनदादांचं एक सुरू केलं. बाईंनी मध्येच थांबवलं. “हे इथे नको. हे तिकडचं.” मग सगळ्यांनी मिळून ‘हम होंगे कामयाब’ म्हटलं. मी पुढच्या रांगेत होतो, आवाज चांगला होता माझा. अमेरिकेतलं गाणं ‘इकडचं’ झालं होतं आणि आमच्या गल्लीतलं ‘तिकडचं’. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर चार वर्षं मी वामनदादा इअरफोन लावूनच ऐकले. कुणी काय ऐकतोस विचारलं की रहमान सांगायचो.

हे मी भाचीला सांगितलं. रहमानवर ती हसली. मग म्हणाली, “ते गाणं म्हण ना, बाईंनी थांबवलेलं.”

पहिलं कडवं आलं. दुसऱ्यावर अडकलो. मोबाइलकडे हात गेला, तेवढ्यात आतून आईने कुकर बंद केला आणि तिथूनच पुढची ओळ उचलली.