हेमिंग्वेचें वृषभयुद्धपुराण

अर्नेस्ट हेमिंग्वे याचें ‘डेथ इन द आफ्टरनून’ हें पुस्तक १९३२ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून त्याचे वाचक दोन तटांत विभागले आहेत. एका तटाच्या मतें हें मुक्या जनावराच्या हत्येचें स्तोत्र असून सुसंस्कृत घरांत ठेवण्यासारखें नाहीं. दुसऱ्या तटास त्यांतील गद्याची अशी भुरळ पडलेली असते कीं, वळू मेला काय आणि जगला काय, त्यास सारखेंच. आम्हांस वाटतें, दोघेही पुस्तक अर्धेंच वाचतात. ग्रंथकारानें एक निश्चित सिद्धान्त मांडला आहे: स्पेनमधील वृषभयुद्ध हा खेळ नव्हे, सामनाही नव्हे, तें तीन अंकी शोकनाट्य आहे. सिद्धान्त मांडला म्हणजे तो तपासण्याचा अधिकार वाचकास आपोआपच मिळतो.

प्रथम गुण सांगतों. वळूविषयीं इतकें डोळस लिहिलेलें आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. पहिल्या अंकांत घोडेस्वार पिकादोर भाल्यानें वळूच्या मानेचे स्नायू विंधतो, दुसऱ्यांत काटेरी कांड्या रोवल्या जातात, तिसऱ्यांत मातादोर लाल कापड व तलवार घेऊन एकटा उरतो, हा क्रम कोणीही प्रवासी सांगेल. हेमिंग्वे त्याच्या आंत शिरतो. रिंगणांत येईपर्यंत त्या वळूनें पायीं उभा असलेला माणूस कापड घेऊन सामोरा आलेला पाहिलेला नसावा, हा या धंद्याचा मूळ दंडक आहे. कारण वळू शिकतो. लाल रंगाशीं त्याला कांहींच कर्तव्य नसतें, तो रंग त्याला ओळखूंही येत नाहीं. त्याला चेतविते ती कापडाची हालचाल. परंतु पंधरावीस मिनिटांत त्या पांचशें किलोंच्या जनावरास उमगूं लागतें कीं, शिंगें लागलीं तीं पोकळ कापडास, आणि शत्रु बाजूस उभा आहे. तसेंच रिंगणांतील एखादी जागा त्याला आपलीशी वाटूं लागते. स्पॅनिश लोक तिला ‘केरेन्सिया’ म्हणतात. तेथें तो अंग चोरून उभा राहिला म्हणजे सरळ धांवून येणाऱ्या वळूहूनही भयंकर होतो. शूर वळूच्या चालीचा अंदाज बांधतां येतो. भ्यालेल्याचा भरंवसा नाहीं. हीं प्रकरणें ज्यानें वाचलीं त्याला ‘बैलोबा’ हा शब्द मूर्खपणाच्या अर्थानें वापरतांना यापुढें थोडें अडखळल्यासारखें होईल.

हें भय कागदी नाहीं. होसेलितोसारखा निष्णात मातादोर १९२० सालीं तालावेरा येथें मेला. १९३४ मध्यें इग्नासियो सांचेझ मेहियास गेला, आणि त्याच्यावर लोर्कानें लिहिलेलें विलापकाव्य स्पॅनिश भाषेचें भूषण ठरलें. १९४७ मध्यें लिनारेस येथें मानोलेतेचा बळी पडला. शिंगाच्या जखमेपेक्षां ती चिघळल्यानेंच पूर्वी पुष्कळ जण दगावत. माद्रिदच्या रिंगणाबाहेर पेनिसिलिनच्या शोधकर्त्या फ्लेमिंगचें स्मारक आहे, आणि त्याच्यासमोर टोपी काढून उभा असलेला मातादोर दाखविला आहे, तो उगीच नव्हे. तथापि त्याच औषधानें हेमिंग्वेच्या सिद्धान्ताचा एक पाय लंगडा केला. २०१६ मध्यें तेरुएल येथें एक मातादोर रिंगणांत मारला गेला, तेव्हां स्पेनमध्यें तशी घटना सुमारें तीन दशकांनीं घडली होती. आणि वळू मात्र एकेका सायंकाळीं बहुधा सहा मरतात. दोन पात्रांपैकीं एकाचें मरण ठरलेलें आणि दुसऱ्याचें क्वचित् घडणारें, अशा नाटकाचा तोल कोठें राहिला?

शोकनाट्याच्या नायकाला निदान चुकीची वाट निवडण्याचें स्वातंत्र्य असतें. वळूपुढें वाटच एक आहे. हेमिंग्वेला हें ठाऊक आहे. वळूचें मरण अटळ आहे हें तो लपवीत नाहीं, आणि हा प्रामाणिकपणा त्याच्या बाजूस जमा धरला पाहिजे. परंतु घोड्यांचा प्रश्न आला कीं, त्याची लेखणी निसटते. वळूचें मरण गंभीर आणि घोड्याचें हास्यास्पद, असें तो सांगूं पाहतो. १९२८ पासून घोड्यांच्या अंगावर जाड गाद्या बांधण्याचा नियम झाला, तोही त्याला रुचत नाहीं. पोट फाटलेल्या घोड्याला विदूषक ठरविल्यावांचून ज्या नाटकाचें गांभीर्य टिकत नाहीं, त्या गांभीर्याविषयीं आम्हांस शंका येते. पुस्तकांत प्रश्न विचारावयास एक कल्पित वृद्धा आणून बसविली आहे. तिनें येथें थोडें अधिक खोदून विचारलें असतें तर बरें होतें. मॅक्स ईस्टमननें १९३३ मध्यें लेखकाच्या पौरुषप्रदर्शनाची टवाळी केली, आणि १९३७ मध्यें प्रकाशकाच्या कचेरींत दोघांची हातघाई झाली. ती टीका खुसखुशीत खरी, पण मर्मावर बसत नाहीं.

मर्म शेजारच्या देशांत सांपडतें. पोर्तुगालमध्यें १९२८ च्या कायद्यानें रिंगणांत वळू मारण्यास बंदी केली. तेथें शिंगांवर आवरण चढवितात, घोडेस्वार आपलें कसब दाखवितो, आणि मग आठ जण नुसत्या हातांनीं पुढें होतात. त्यांतला पहिला वळूस शिंगांमध्यें छातीवर घेतो. धैर्य येथें कमी म्हणवत नाहीं. मात्र तोच वळू मागाहून बहुधा कसाईखान्यांत जातो, आणि प्रेक्षक निर्मळ मनानें घरीं जातात. स्पेन निदान पडदा ओढीत नाहीं, एवढा मुद्दा हेमिंग्वेचा कैवारी येथें जिंकेल. आमच्या गोमंतकांतील धिर्योंत तर माणूस लढतच नाहीं. दोन बैल अथवा रेडे एकमेकांस भिडवितो आणि मेरेवर उभा राहून ओरडतो. जनावर उधळून गर्दींत शिरलें म्हणजे मरतो तो प्रेक्षक. १९९६ मध्यें उच्च न्यायालयानें ती बंद करण्याचा आदेश दिला.

आमचा कौल दक्षिण फ्रान्समधील कामार्गच्या बाजूनें पडतो. तेथें वळूच्या शिंगांना बांधलेले गोंडे व दोऱ्या पांढऱ्या वेषांतले तरुण धांवत येऊन हिसकावतात आणि शिंगें पाठीशीं येण्यापूर्वीं कठड्यापलीकडे उडी मारतात. तलवार नाहीं, भाला नाहीं. वळू जिवंत परततो व पुनः पुनः येतो. तो माणसांची चाल शिकतो, आणि जितका शिकेल तितकी त्याची कीर्ति वाढते. जाहिरातींत ठळक अक्षरांत नांव असतें तें त्याचें.

पुस्तक प्रौढ वाचकांनीं अवश्य वाचावें. त्यांतील कांहीं छायाचित्रें मात्र लहान मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत. तें प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १९३३ सालीं, ‘ल सांग्लिए’ नांवाचा कामार्गचा एक विख्यात वळू मरण पावला. ल कायलार या गांवाच्या वेशीपाशीं त्याची समाधि आहे.