सूचौ येथील कोळ्याचें उद्यान

घरामागचें परसूं लहान असलें, कीं त्यांतील झाडेंझुडें काढून तें मोकळें करावें, म्हणजे तें मोठें दिसूं लागतें, असा समज सुशिक्षित कुटुंबांत दृढ झालेला आहे. आम्हीहि या समजास बळी पडलों. दारासमोरचा जुना प्राजक्त जागा अडवितो म्हणून आम्हीं तोडविला. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दार उघडतांच समोरची भिंत, तिच्यावरील पावसाचे ओघळ व तिला टेकलेली शिडी हीं सर्व एकदम अंगावर आलीं. जागा तसूभरहि कमी झाली नव्हती, उलट वाढलीच होती. परसूं मात्र आखडलें. असें कां व्हावें, याचा उलगडा पुढें चीनमधील सूचौ शहरीं एक उद्यान पाहिलें तेव्हां झाला.

या उद्यानाचें नांव 'वांग-शी युआन', म्हणजे जाळीं टाकणाऱ्याचें, कोळ्याचें उद्यान. बाराव्या शतकांत एका सरकारी अधिकाऱ्यानें येथें प्रथम घर बांधिलें. आज दिसणारी रचना मुख्यतः अठराव्या शतकांतील आहे. 1997 साली युनेस्कोनें सूचौचीं जीं उद्यानें जागतिक वारशांत घेतलीं त्यांत हें आहे. घर धरूनहि याची जागा सव्वा एकराहून फारशी अधिक नाहीं. त्याच शहरांतील अधिक प्रसिद्ध असें 'चो-चंग युआन' याच्या जवळजवळ दसपट भरेल. परंतु बाहेर आल्यावर मनांत रेंगाळतो तो या धाकट्याचाच विस्तार.

याचें कारण शोधूं लागलें असतां पहिली गोष्ट लक्षांत येते ती ही, कीं हें उद्यान स्वतःस एकदम दाखवीतच नाहीं. घराच्या बाजूनें आंत शिरावें तों समोर एक बैठकीचें दालन. त्याच्या पलीकडे पिवळट दगडांची एक टेकडीवजा रास मुद्दाम रचिलेली. तळें त्या राशीच्या मागेंच आहे, पण त्याचा थेंबहि दिसत नाहीं. अरुंद, वळणाच्या पडवीनें थोडें चालावें, डोळ्यांस अंधाराची संवय व्हावी, आणि मग एकाएकीं उजेड व पाणी! तळें तरी केवढें? सुमारें 400 चौरस मीटर. आमच्याकडील एखाद्या सुखवस्तु गृहस्थाच्या बंगल्याच्या आवाराएवढें. पण त्या अरुंद वाटेनंतर तें सरोवर वाटतें.

तळ्याची योजना तर अभ्यासण्याजोगी आहे. मधलें पाणी बहुतांशीं मोकळें ठेविलेलें असल्यानें आकाश त्यांत उतरतें. दोन कोपऱ्यांत पाण्याचे चिंचोळे फांटे काढून त्यांवर पूल टाकिले आहेत, त्यामुळें पाणी कोठें संपतें हें कळत नाहीं. तें पुलाखालून पुढें कोठें तरी जात असावें, असेंच वाटत राहतें. यांपैकीं एक कमानीचा पूल इतका चिमुकला आहे कीं तीन पावलांत तो ओलांडतां येतो. त्या पुलाच्या मापानें डोळा पाणी मोजूं लागतो आणि पाणी वाढतें. पाण्यालगत ज्या इमारती आहेत त्या लहान व ठेंगण्या. मोठें दालन मागें, दगड व झाडें यांच्या आड सारलेलें. पूर्वेकडे घराची उंच पांढरी भिंत आहे. ती लपविणें शक्य नव्हतें. म्हणून तिच्यापुढें वेली, दगड व एक अर्धी छत्री उभी करून तिचा दरारा कमी केला आहे.

ची चेंग नांवाच्या उद्यानकारानें 1631 मध्यें लिहिलेल्या 'युआन-ये' या ग्रंथाच्या शेवटीं 'उसनें दृश्य' घेण्याचा विचार आहे: दूरचा डोंगर, शेजारचें मंदिर आपल्या बागेंत ओढून घ्यावें. येथें चोहोंकडे शहर. उसनें घ्यावें असें जवळ कांहीं नाहीं. म्हणून हें उद्यान स्वतःच्याच एका भागाकडून दुसऱ्या भागासाठीं उसनवारी करतें.

यावर कोणी म्हणेल, ही शुद्ध फसवणूक आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. बागेच्या टोकास लहान पानांचीं झाडें लावून अंतर वाढल्याचा भास करणें, वाट पुढें पुढें निमुळती करणें, या युक्त्या एका ठराविक जागीं उभें राहिलें तरच साधतात. दहा पावलें चाललें कीं उघड्या पडतात. या उद्यानाचा विस्तार चालल्यानें वाढतो. प्रत्येक वळणावर खरोखरच कांहीं नवें हातीं लागतें. तेव्हां फसविलें कोणास?

फसवणूक म्हणावयाची तर ती पश्चिमेच्या काठावरील छत्रींत टांगलेल्या मोठ्या आरशाची. पाणी जें काम न बोलतां करीत आहे, तेंच हा आरसा ओरडून सांगतो. एवढा एक दोष आम्हांस खटकला.

उद्यानाच्या पश्चिम कोपऱ्यांत अभ्यासिकेचा एक छोटा चौक आहे. अभ्यासिकेच्या मागच्या खिडक्यांपलीकडे जागेची केवळ एक अरुंद पट्टी. पण तींत थोडे बांबू व दगड मांडिल्यानें प्रत्येक खिडकी एक चित्र झाली आहे. या चौकाची प्रतिकृति न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत सूचौच्या कारागिरांनीं उभारिली व ती 1981 मध्यें खुली झाली. कारागिरी निर्दोष आहे. परंतु वर कांचेचें छत, आणि दारापलीकडे संग्रहालयाचीं दालनें! मूळ चौकांत पाऊल टाकतांना मागें राहिलेलें तळें मनांत असतें, आणि त्या तळ्याच्या आठवणीनेंच चौक मोठा झालेला असतो. प्रतिकृतींत चौक आला, तळें आलें नाहीं. त्यामुळें ती सुंदर असूनहि एक खोलीच राहिली.

मूळ उद्यानासहि आज एक संकट आहे, तें गर्दीचें. तीन पावलांच्या पुलावर दहा माणसें छायाचित्रासाठीं उभीं राहिलीं म्हणजे तो पूल डोळ्यांचें माप राहत नाहीं, आणि तळें पुन्हा 400 चौरस मीटरांचें होतें. आम्हीं गेलों तो दिवस पावसाचा होता, म्हणून वांचलों.

परत आल्यावर परसांतील शिडी आम्हीं जिन्याखालीं हलविली आणि प्राजक्ताच्या जुन्या जागेपासून हातभर बाजूस एक नवें रोप लाविलें. दारांतून पाहणाऱ्यास भिंतीचा तोच कोपरा दिसूं नये, अशा बेतानें. तें सध्यां गुडघ्याएवढें आहे. भिंत अजून तशीच दिसते.