विनोदी गुप्तहेरपट : एक उपेक्षित साधन

प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ बोलपटांत ज्ञानदेवांची भूमिका नगरांत जन्मलेल्या शाहू मोडक यांनीं केली. ज्ञानेश्वरीचें नेवासें ज्या जिल्ह्यांत आहे, त्या अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यास या योगाचा अभिमान वाटावा हें उचितच होय. तो बोलपट आजही पाहावयास मिळतो. परंतु त्याच दशकांत जत्रांतील तंबूंत गर्दी खेंचणाऱ्या चोर, गुप्तहेर व गूढ बंगले यांच्या विनोदी चित्रपटांची गति काय झाली? भगवान पालव ऊर्फ भगवानदादा यांनीं असे अल्पखर्ची मारामारीचे व विनोदाचे चित्रपट पुष्कळ काढले. १९४९ चा ‘भेदी बंगला’ हा त्यांचाच रहस्यपट. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती गोरेगांवच्या गोदामास लागलेल्या आगींत गेल्या असें सांगतात. देवादिकांचें जपावें व हंशाचें जाऊं द्यावें, ही आपली जुनी खोड आहे.

या प्रकाराची गोडी कशांत आहे? गंभीर कथेंतील गुप्तहेर सर्वज्ञ असतो; येथील गुप्तहेर प्रेक्षकाहूनही भोळा. ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४) मध्यें बस्टर कीटनचा यंत्रचालक स्वप्नांत थोर गुप्तहेर होतो. खऱ्या चोराचा माग मात्र त्याची प्रेयसीच काढते. शोधक खरोखरच वेडा, कीं वेड पांघरून आमच्या श्रीगोंदें तालुक्यांतील पेडगांवास निघालेला, हा संशय अशा कथांत चोराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

संग्राहक दुर्मिळतेवर भाळतात. पण दुर्मिळता म्हणजे गुण नव्हे. चित्रगृहांत विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिकांचेंच उदाहरण घ्यावें. त्यांतील कथासार ऐन पेंचावर थांबे व पुढील भाग पडद्यावर पाहण्यास सांगे. जेथें चित्रफीत नष्ट झाली, तेथें कोडें उरलें व उकल गेली! म्हणून अशी पुस्तिका बखरीप्रमाणेंच ताडून घेतली पाहिजे : परीक्षण मंडळाच्या दाखल्यांतील लांबी व तारीख, वृत्तपत्रांतील जाहिरात आणि वृद्ध प्रेक्षकांची आठवण यांशीं.

पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तोंवर पुष्कळ नाश होऊन गेला होता. मोडी रुमाल जपणाऱ्या आमच्या वाचकांनीं जुन्या पेटींतील पुस्तिका व भित्तिपत्रें रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांवरील साल व नांवें तेवढीं उतरून ठेवावींत. लोक कशास हंसत होते, हाही इतिहासच होय.