लहान नमुना आणि मोठा वाचकवर्ग : कानेमन यांच्या ग्रंथातील एका प्रकरणाविषयी

संशोधक मानसशास्त्रज्ञाने सामान्य वाचकासाठी लिहावे की नाही, हा वाद आता जुना झाला आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपला प्रचंड द्विखंडात्मक ग्रंथ विद्वानांच्या हाती दिला आणि १८९९ साली शिक्षकांपुढे केलेली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मानसशास्त्र हे शास्त्र आहे, अध्यापन ही कला आहे, आणि शास्त्रातून कला आपोआप निष्पन्न होत नाही, असे त्यांनी शिक्षकांना आरंभीच बजावले. आपल्या शास्त्राची मर्यादा सामान्य श्रोत्यापुढे उघड करण्यात जेम्स यांना कमीपणा वाटला नाही. लिहावे की नाही यापेक्षा, लिहिताना शास्त्रज्ञ वाचकापुढे कोणत्या प्रकारचा पुरावा ठेवतो, हा प्रश्न अधिक कठीण आहे. डॅनियल कानेमन यांच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) या ग्रंथाच्या आधारे त्याचा विचार करता येतो, कारण या एकाच ग्रंथात त्या प्रश्नाची उत्तम आणि सदोष अशी दोन्ही उत्तरे सापडतात.

कानेमन यांच्या संशोधनाची पद्धतच लोकाभिमुख लेखनास अनुकूल होती. एमॉस ट्वर्स्की यांच्यासह त्यांनी १९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकात अनिश्चित परिस्थितीतील अनुमानांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात प्रयोगातील प्रश्न वाचकापुढे उलगडून ठेवलेले होते. वाचक प्रश्न वाचतो, मनातल्या मनात उत्तर देतो आणि पुढच्याच परिच्छेदात आपण चुकलो असल्याचे त्याला आढळते. मानसशास्त्राबाहेरच्या विद्वानांचे लक्ष या निबंधाकडे वेधले गेले ते याच रीतीमुळे, असे कानेमन यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे.

२०११ च्या ग्रंथातील सर्वोत्तम प्रकरणे याच रीतीने लिहिलेली आहेत. लिंडाची कूटकथा घ्यावी. एकतीस वर्षांची, अविवाहित, बुद्धिमान, तत्त्वज्ञानाची पदवीधर, सामाजिक अन्यायाविषयी तळमळ असलेली ही स्त्री बँकेत कारकुनी करीत असण्याचा संभव अधिक, की बँकेत कारकुनी करून शिवाय स्त्रीवादी चळवळीत भाग घेत असण्याचा? अनेक विद्यापीठांतील सुमारे ८५ ते ९० टक्के विद्यार्थ्यांनी दुसरा पर्याय निवडला, असे कानेमन सांगतात. परंतु ही टक्केवारी ठाऊक नसली तरी वाचकाचे फारसे अडत नाही. दोन गोष्टी एकत्र घडण्याचा संभव त्यांपैकी एकटी घडण्याच्या संभवापेक्षा अधिक असूच शकत नाही, हा नियम त्याला मान्य असतो; आणि तरीही आपले मन दुसऱ्या पर्यायाकडे ओढ घेते, हे तो प्रत्यक्ष पाहतो. या प्रश्नाच्या शब्दयोजनेवर पुढे पुष्कळ वाद झाले. तथापि वाचकाला लेखकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, एवढे खरे. चार अंकांची मालिका वाचून प्रत्येक अंकात एक मिळवत जाण्याचा, प्रयत्नाबरोबर डोळ्यांच्या बाहुल्या विस्तारतात हे दाखवणारा प्रयोगही याच जातीचा आहे. कानेमन यांनी १९६०-७० च्या दशकात स्वतः केलेले हे काम असल्यामुळे तेथे लेखणीही मोकळी चालते.

चौथ्या प्रकरणात मात्र काहीतरी बदलते, आणि ते इतक्या सहजपणे बदलते की पहिल्या वाचनात ध्यानात येत नाही. प्रकरणाचा आरंभ नेहमीच्या पद्धतीनेच होतो. केळी आणि वांती हे दोन शब्द शेजारी छापलेले आहेत. ते वाचताच मनात व शरीरात काय घडले, याकडे लेखक लक्ष वेधतो. येथपर्यंत वाचकच साक्षीदार आहे. तेथून विवेचन 'प्रायमिंग'कडे, म्हणजे आधी कानांवर वा डोळ्यांसमोर आलेल्या शब्दांचा पुढील वर्तनावर नकळत पडणाऱ्या प्रभावाकडे वळते. जॉन बार्ग व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग हा या विवेचनाचा कणा होय. न्यूयॉर्क विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना विस्कळीत शब्दांतून वाक्ये बनवावयास दिली. एका गटाच्या शब्दांत वार्धक्यसूचक शब्द पेरलेले होते. त्या गटातील विद्यार्थी नंतर बोळातून अधिक सावकाश चालत गेले. आता वाचकाने काय पडताळावयाचे? हा परिणाम जाणिवेच्या कक्षेबाहेरचा आहे, त्यामुळे तो स्वतःविषयी खरा वाटणार नाही, असे लेखकच सांगतो. वाचकाला प्रतीती येत नाही, याचाच आधार घेऊन त्याची शंका निकालात काढली जाते. त्यापुढे जाऊन, या निष्कर्षांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, ते संख्याशास्त्रीय योगायोग नव्हेत, अशा आशयाची ग्वाही कानेमन देतात. जेम्स यांनी शिक्षकांशी ज्या स्वरात बोलणे पसंत केले त्याच्या हा स्वर नेमका उलट आहे.

बार्ग यांच्या मूळ निबंधात चालण्याचा प्रयोग दोनदा केलेला आहे आणि दोन्ही वेळा विद्यार्थी प्रत्येकी ३० होते. हा आकडा प्रकरणाच्या मजकुरात येत नाही. एरवी अशी वगळणूक लोकप्रिय लेखनात क्षम्य मानली जाते. येथे ती खटकते, कारण कानेमन व ट्वर्स्की यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला पहिला संयुक्त निबंध नेमका याच विषयावर होता. लहान नमुन्यावर अवाजवी विश्वास टाकण्याची चूक संख्याशास्त्र जाणणारे संशोधकही करतात, हे त्यात दाखवलेले होते. इतकेच नव्हे, तर प्रस्तुत ग्रंथाचे दहावे प्रकरण त्याच विषयाला वाहिलेले आहे. अमेरिकेतील ३,१४१ कौंटींपैकी मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी कोठे आढळते, तर विरळ वस्तीच्या ग्रामीण कौंटींत. आणि सर्वांत अधिक? तेही अशाच कौंटींत. कारण जीवनमानात नसून लोकसंख्येच्या लहानपणात आहे. हे प्रकरण समजून घेणाऱ्या वाचकाने सहा प्रकरणे मागे जाऊन एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता. लेखकाने त्याला तशी सूचना केलेली नाही.

ब्रसेल्स येथे दोयेन व सहकारी यांनी १२० व्यक्तींवर, स्वयंचलित कालमापनाने, हा प्रयोग पुन्हा केला आणि २०१२ साली त्याचे फलित प्रसिद्ध केले. परिणाम आढळला नाही. पुढील प्रयोगात तो दिसला तो प्रयोग घेणाऱ्यांच्याच मनात तशी अपेक्षा निर्माण केली तेव्हा. त्याच वर्षी कानेमन यांनी या क्षेत्रातील संशोधकांना पत्र लिहून येऊ घातलेल्या अरिष्टाची जाणीव दिली आणि प्रयोगशाळांनी साखळीने एकमेकींचे प्रयोग पडताळावेत असे सुचविले. पत्र धीराचे होते, यात शंका नाही. परंतु ग्रंथ आणि पत्र शेजारी ठेवले असता एक विषम वाटणी दिसते : सामान्य वाचकाच्या वाट्याला निश्चिती आली आणि शंका सहव्यवसायिकांसाठी राखली गेली. विद्यापीठीय मानसशास्त्रज्ञाच्या लोकप्रिय लेखनावर घ्यावयाचा खरा आक्षेप हाच आहे. सुलभीकरणाचा दोष त्यामानाने किरकोळ होय.

कानेमन यांनी काही पदरचे घातले नव्हते, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. ते निबंध प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून आलेले होते. २०१५ साली १०० प्रयोगांच्या पुनरावृत्तीचा सामुदायिक प्रकल्प प्रसिद्ध झाला, तेव्हा मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत आढळलेली संख्याशास्त्रीय सार्थता पुनरावृत्तीत अवघ्या ३६ टक्क्यांत आढळली. म्हणजे संशोधनाशी प्रामाणिक राहूनही लोकप्रिय लेखक चुकू शकतो, कारण संशोधनच कच्चे असते. त्याचप्रमाणे वाचकाच्या अनुभवाची साक्षही सरसकट ग्राह्य नाही. संयमाचा साठा वापराने आटतो, हे तिसऱ्या प्रकरणातील प्रतिपादन दिवसभर राबलेल्या कोणालाही पटते. परंतु २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तो परिणाम जवळजवळ शून्य निघाला. लिंडाच्या उदाहरणात वाचक स्वतःची चूक घडताना पाहतो. येथे तो केवळ आपला थकवा आठवतो, आणि आठवलेला थकवा कोणत्याही उपपत्तीच्या बाजूने उभा राहू शकतो.

प्रायमिंगविषयीच्या त्या प्रकरणातील आधारभूत निबंधांची संख्याशास्त्रीय चिकित्सा २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कानेमन यांनी जाहीर उत्तर दिले. अपुऱ्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण फाजील विश्वास ठेवला, आपल्या पहिल्याच निबंधाचा विषय तो होता हे पाहता यातला उपरोध उघड आहे, आणि वर्तनावरील हे परिणाम प्रकरणात सूचित केले तितके मोठे व भक्कम असू शकत नाहीत, असे त्यांनी मान्य केले. प्रायमिंगची कल्पना त्यांनी सर्वस्वी टाकून दिली नाही. वयाच्या ८२ व्या वर्षी, नोबेल पारितोषिकानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, असे लिहिणारा शास्त्रज्ञ विरळाच. २०२४ साली ते निवर्तले. हे उत्तर संशोधकांच्या वर्तुळात वाचले व चर्चिले गेले. २०११ साली छापलेल्या आणि आज ग्रंथालयांतून फिरणाऱ्या प्रतींत मात्र चौथे प्रकरण जसेच्या तसे आहे आणि दहावेही.