कोड एडिटर आणि नोटबुक : एकत्रीकरणाची चिकित्सा

आज्ञावली, तिचे उत्तर आणि स्पष्टीकरण एकाच पानावर असावे, ही कल्पना ‘ज्युपिटर’ नोटबुकने संशोधनक्षेत्रात रुजवली. तिचे सामर्थ्य पुण्यातील अभ्यासकांना अपरिचित नाही. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीची घोषणा झाली. त्या शोधनिबंधाच्या सहलेखकांत पुण्याच्या ‘आयुका’तील शास्त्रज्ञ होते. त्याच वेळी ‘लायगो’ने मूळ विदा आणि ती तपासणारी नोटबुक सर्वांसाठी खुली केली. गोंगाट गाळल्यावर संकेत कसा दिसू लागतो, हे कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतः चालवून पाहता आले. निबंध वाचणे आणि तो पडताळणे यांतील अंतर इतके क्वचितच कमी झाले असेल.

परंतु या साधनाचा दोषही त्याच्या सोयीतच दडलेला आहे. नोटबुकमधील सेल कोणत्याही क्रमाने चालवता येतात. पुसून टाकलेल्या सेलमधील चल स्मृतीत शिल्लक राहतो. परिणामी पानावर दिसणारे उत्तर पानावरील आज्ञावलीचेच असेल, याची शाश्वती नसते. आपल्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिक वहीत खोडलेले निदान दिसते तरी! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘गिटहब’वरील लक्षावधी नोटबुक्स पुन्हा चालवून पाहण्यात आल्या, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच त्रुटीविना चालल्या आणि सुमारे ४ टक्क्यांतच पूर्वीचेच निष्कर्ष मिळाले.

‘व्हीएस कोड’सारख्या एडिटरांनी नोटबुक आपल्या खिडकीत सामावून घेतली. प्रस्तुत लेखकाच्या मते हे एकत्रीकरण नसून केवळ शेजार आहे. दोषशोधनाची साधने हाताशी येतात, हे खरे. मात्र स्मृतीतील अदृश्य अवस्था तशीच राहते. शिवाय फाइल ‘जेसन’ स्वरूपाची असल्याने ‘गिट’मध्ये एका ओळीच्या बदलासोबत आलेखांच्या सांकेतिक अक्षरांचा ढिगारा येतो.

२०१८ मधील ‘ज्युपिटेक्स्ट’चा मार्ग अधिक मूलगामी वाटतो. त्यात नोटबुक साध्या पायथॉन फाइलीच्या रूपात जतन होते आणि तीच फाइल एडिटरमध्येही उघडते. त्या फाइलीत उत्तरे व आलेख राहत नाहीत, ही उणीव मोठी आहे. लायगोच्या नोटबुकचे अर्धे मोल आलेखांतच होते. तथापि उत्तर साठवलेलेच नसल्याने वाचकाला आज्ञावली आरंभापासून चालवावी लागते, आणि नोटबुकमध्ये नेमकी हीच शिस्त नव्हती. प्रात्यक्षिक परीक्षेत छापील नोटबुक तपासण्याऐवजी कर्नल नव्याने सुरू करून सर्व सेल वरून खाली चालवण्यास सांगणे परीक्षकांना आजही शक्य आहे. त्यासाठी नवे साधन लागत नाही.