वीस मिनिटांचा निबंध आणि दोन तासांचं टेबल

१२ जुलै १८९३ रोजी शिकागोत अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनची बैठक भरली होती. जागतिक प्रदर्शनामुळे शहर माणसांनी फुलून गेलं होतं. त्या संध्याकाळी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ३१ वर्षांच्या फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी आपला निबंध वाचला. सरहद्दीवरच्या मोकळ्या जमिनीने अमेरिकी लोकशाही घडवली, आणि १८९०च्या जनगणनेनुसार ती सरहद्द आता उरलेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच बैठकीत इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमधल्या शिशाच्या खाणींवरही एक निबंध होता. त्या रात्री टर्नरचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढची पन्नासेक वर्षं मात्र अमेरिकेचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी हुज्जत घालावी लागली. सप्टेंबरात त्याच शहरात, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली. ती आपल्याला पाठ आहे, टर्नर मात्र आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत.

इतिहास-परिषदांबद्दल बोलताना ही गोष्ट अमेरिकेत हटकून निघते. होतकरू माणूस उठतो, वीस मिनिटं बोलतो आणि ज्ञानशाखेची दिशा बदलते, असा तिचा सूर असतो. मला तिच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवावीशी वाटते.

डिसेंबर १९०९मध्ये याच संस्थेच्या न्यूयॉर्कमधल्या अधिवेशनात काळे अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी निबंध वाचला. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात दक्षिणेत काळ्यांच्या हाती सत्ता गेली म्हणून अनागोंदी माजली, असं तेव्हाचे मान्यवर इतिहासकार शिकवत होते. त्या मताचे अध्वर्यू विल्यम डनिंग सभेत हजर होते. ड्युबॉइस यांनी दाखवून दिलं की सार्वजनिक शाळा, लोकशाही राज्यकारभार आणि नवे सामाजिक कायदे ही त्याच सरकारांची देणगी होती. पुढच्या वर्षी निबंध संस्थेच्या मुखपत्रात छापून आला. ‘निग्रो’ शब्दाचं पहिलं अक्षर मोठं छापावं एवढी विनंती लेखकाने केली होती. संपादकांनी ती मानली नाही. त्यानंतर तीन दशकं संस्थेच्या व्यासपीठावर कुणा काळ्या अभ्यासकाला बोलावलं गेलं नाही. ड्युबॉइस यांनी हाच विषय वाढवून १९३५मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तर त्या मुखपत्राने त्याचं परीक्षणसुद्धा छापलं नाही. एरिक फोनर यांचं पुनर्रचनेवरचं मोठं पुस्तक १९८८मध्ये आलं, तोपर्यंत मुख्य प्रवाह ड्युबॉइस यांच्या बाजूला सरकला होता. म्हणजे एका निबंधाला न्याय मिळायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली.

आधुनिक अमेरिकी इतिहासाच्या परिषदांचं मोजमाप मी या दोन प्रसंगांवरून करतो. परिषद ऐकायला बसते, पण तिला ऐकू येतंच असं नाही.

आजच्या मोठ्या अधिवेशनांचा साचा अजूनही टर्नरच्या काळाचाच आहे. एका सत्रात तीन-चार निबंध, प्रत्येकाला वीस मिनिटं, मग भाष्यकार, आणि शेवटी उरली तर प्रश्नांना दहा मिनिटं. वर्षानुवर्षं अभिलेखागारात बसलेली मुलं आपलं काम या चौकटीत कोंबतात. वाचन संपतं, टाळ्या पडतात, पुढचं सत्र सुरू होतं. लेखकाला आपल्या युक्तिवादातली भेग कुठे आहे ते कळतच नाही. एके काळी अधिवेशनाला जाण्याचं खरं कारण नोकरी हे होतं. मुलाखती तिथेच होत, कधी कधी हॉटेलच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसूनसुद्धा. ही पद्धत २०२०च्या सुमारास मोडीत निघाली आणि ते बरंच झालं. पण त्याआधी नोकऱ्याच आटल्या होत्या. २००८च्या मंदीनंतर इतिहासाच्या प्राध्यापकपदांच्या जाहिराती घसरल्या, त्या पुन्हा वर चढल्या नाहीत. पीएच.डी. करून वर्षावर्षाच्या करारावर तीन-तीन कॉलेजांत शिकवणारी माणसं तिथे हजारोंनी आहेत. आपल्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना त्यांची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणूनच आज या विद्येचा प्राण नव्या अभ्यासकांच्या छोट्या कार्यशाळांत आहे असं मला वाटतं. दहा-बारा जण, एक लांब टेबल. प्रबंधाचं तीस-चाळीस पानांचं प्रकरण आधीच सगळ्यांना पाठवलेलं, सगळ्यांनी वाचून आलेलं. लेखक वाचून दाखवत नाही. पुष्कळ ठिकाणी सुरुवातीची पंधरा मिनिटं त्याने बोलायचंच नाही असा नियम असतो. दुसरा कुणी त्याचं म्हणणं मांडतो, आणि आपण काय लिहिलं याऐवजी वाचणाऱ्याला काय दिसलं ते लेखकाला पहिल्यांदा कळतं. ती पंधरा मिनिटं फार अवघड जातात. प्रबंधाचं पुस्तक होण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते.

अशा टेबलावर काय घडतं ते एका उदाहरणाने सांगतो. १९३३मध्ये रूझवेल्ट सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात या महामंडळाने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे केले आणि वस्त्यांना चार रंगांत प्रतवारी दिली. काळ्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. केनेथ जॅक्सन यांच्या १९८५च्या पुस्तकापासून हे नकाशे म्हणजे कर्जातल्या वर्णभेदाचा मुख्य पुरावा झाले. समजा, एखादी संशोधक आपल्या शहराचा लाल नकाशा घेऊन आली आहे आणि त्यावरून सांगते आहे की या वस्तीला पुढची तीस वर्षं कर्ज मिळालं नाही ते याच नकाशामुळे. अधिवेशनात हा निबंध सहज पार पडेल, नकाशा पडद्यावर फार परिणामकारक दिसतो. कार्यशाळेत मात्र कुणीतरी विचारतं, हा नकाशा बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या माणसाच्या टेबलावर होता याचा पुरावा कुठे आहे? एमी हिलियर यांनी फिलाडेल्फियाच्या कागदपत्रांवरून हाच प्रश्न विचारला, तेव्हा दिसलं की हे नकाशे फार थोड्यांच्या हाती गेले होते. घरकर्जाच्या विम्याचे निकष १९३४च्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने स्वतः ठरवले होते. भेदभाव खराच होता. पण तो एका लाल कागदातून उगवला नव्हता, दलाल, सावकार, विमा आणि सरकार या सगळ्यांनी मिळून तो चालवला होता. संशोधक बिचारी घरी जाऊन प्रकरण नव्याने लिहिते, आणि आता ते आधीपेक्षा अधिक धारदार होतं.

विद्येची अवस्था पाहायची तर गेल्या पंचवीस वर्षांतलं पीक भरघोस आहे. एलिझाबेथ हिंटन यांनी दाखवलं की गरिबीविरुद्धच्या सरकारी मोहिमेतूनच तुरुंगांचं राज्य कसं वाढलं. हेदर ॲन थॉम्पसन यांनी १९७१च्या ॲटिका तुरुंगातल्या उठावाची हकीकत दडपलेल्या कागदांतून उभी केली. रूझवेल्टच्या काळात उभी राहिलेली न्यू डीलची व्यवस्था का कोसळली आणि तिच्या जागी बाजाराची सत्ता कशी आली, हे गॅरी गर्स्टल यांनी २०२२मध्ये मांडलं. एवढं धीट राजकीय इतिहासलेखन आपल्याकडे अजून झालेलं नाही.

उणिवाही ठळक आहेत. भांडवलशाहीच्या नव्या इतिहासकारांनी गुलामांच्या कापूसवेचणीची आकडेवारी वापरून मोठमोठे निष्कर्ष काढले. वेचणी वाढली त्यात सुधारित बियाण्याचा वाटा मोठा होता, असं अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांना दाखवून दिलं. हा वाद एका टेबलावर बसून सुटला असता. तो दोन शाखांच्या दोन वेगवेगळ्या नियतकालिकांत लढला गेला, कारण दोघांच्या परिषदा वेगळ्या.

दुसरी उणीव आपल्या जवळची आहे. १९९७ ते २००० या काळात थॉमस बेंडर यांच्या पुढाकाराने फ्लॉरेन्सजवळ ला पिएत्रा इथे बैठकी झाल्या. अमेरिकेचा इतिहास जगाच्या इतिहासाचा भाग म्हणून लिहायचा, असं तिथे ठरलं. त्यातून चांगलं काम झालं. स्वेन बेकर्ट यांच्या २०१४च्या कापसाच्या इतिहासात वऱ्हाड आणि खामगाव आहेत. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस थांबला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५मध्ये समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीसकट सगळं कोसळलं, हे आपण शाळेत शिकलो नसलो तरी मुंबईच्या नकाशात ते दिसतं. पण वऱ्हाडचा शेतकरी या पुस्तकांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतूनच येतो. मराठी कागद कुणी उघडत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले आणि १९४६मध्ये त्यांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. हा अमेरिकी इतिहासाचाही भाग आहे. तो वाचण्यासाठी मराठी यायला हवं, आणि मराठी येणारे अभ्यासक त्या टेबलावर क्वचितच असतात. व्हिसा, विमानभाडं आणि नोंदणी शुल्क मिळून आपल्या संशोधकाचे काही महिन्यांचे पैसे जातात.

अलीकडची परिस्थिती गंभीर आहे. मार्च २०२५मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी इतिहासाच्या मांडणीबद्दल आदेश काढला, त्याचा रोख स्मिथसोनियनच्या संग्रहालयांवर होता. एप्रिलमध्ये मानव्यविद्यांना मदत करणाऱ्या राष्ट्रीय निधीची शेकडो अनुदानं एका फटक्यात रद्द झाली. त्याआधी फेब्रुवारीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रमुखांना पदावरून काढलं गेलं होतं. इतिहासकारांच्या संस्थाही एकमताच्या नाहीत. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या न्यूयॉर्कमधल्या बैठकीत सभासदांनी गाझातल्या शिक्षणव्यवस्थेच्या विध्वंसाविरुद्ध ४२८ विरुद्ध ८८ मतांनी ठराव केला आणि कार्यकारिणीने तो फेटाळला. १९०९ची आठवण मला इथे येते. सभेला ऐकू आलं होतं, संस्थेला नाही. अनुदान गेलं की सर्वात आधी बंद पडतात त्या नव्या अभ्यासकांच्या कार्यशाळा, कारण त्यांत प्रवेशशुल्क नसतं आणि पाहुण्यांचं भाडं यजमान भरतो.

आपल्या इतिहास विभागांना एक सांगायचं आहे. आपण चर्चासत्रं भरवतो. दीपप्रज्वलन होतं, बीजभाषण होतं, समांतर सत्रांत पाच-पाच मिनिटांत निबंध उरकतात, आयएसबीएन क्रमांकाचा संग्रह निघतो आणि प्रमाणपत्र हातात पडतं. त्या दोन दिवसांपैकी एक दिवस बाजूला काढा. पीएच.डी. करणाऱ्या तीन जणांची तीन प्रकरणं महिनाभर आधी मागवा, टेबलाभोवती बारा खुर्च्या ठेवा, आणि प्रत्येक प्रकरणाला दोन तास द्या. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेवर किंवा खामगावच्या कापसावर मराठी कागदांतून लिहिणारी एखादी मुलगी त्यात असेल, तर तिचं प्रकरण पहिलं घ्या.